उष्ण मुलखातील परक्यांचे संसार

रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील आपल्या वस्त्यांत आखाती देशांशी संबंध नाही असे घर आज क्वचितच आढळेल. कोणाचा मुलगा कुवेतला, कोणाचा जावई दुबईला, कोणाचा भाऊ मस्कतला. त्यांच्याविषयी बोलताना आपण बहुधा पगार, व्हिसा आणि गावी बांधलेले घर एवढ्याच गोष्टी बोलतो. परंतु परक्या मुलखात, त्यातही अंगाची लाही करणाऱ्या हवेत, संसार मांडणे म्हणजे काय, याचा विचार फारसा होत नाही. बायको-मुलांना सोबत न्यावे की गावी ठेवावे? मुलाला तिकडच्या शाळेत घालावे की नाना-नानीकडे पाठवावे? त्याने कोणती भाषा शिकावी? हे प्रश्न आज घरोघरी आहेत.

हे प्रश्न नवे मात्र नाहीत. आपल्याच देशाच्या इतिहासात बाहेरून आलेल्या लोकांना येथील उन्हाळ्यात ते पडले होते आणि त्यांनी ते आपापल्या परीने सोडवले होते. प्रस्तुत लेखात मोगलांचे घराणे, इंग्रज अधिकाऱ्यांची कुटुंबे आणि आखातातील आपली माणसे अशा तीन संसारांकडे पाहावयाचे आहे. या तिन्ही ठिकाणी राज्य, पैसा आणि दर्जा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरीही एक गोष्ट तिन्हीकडे सारखी विचारता येते, ती अशी की घरातले पाच-सहा वर्षांचे मूल कोठे होते?

काबूलहून आग्र्याला

एप्रिल १५२६ मध्ये पानिपतची लढाई जिंकून बाबर आग्र्याला आला, तो ऐन उन्हाळ्यात. त्या वर्षी उष्मा फारच कडक होता. काबूलच्या थंड हवेला सरावलेले त्याचे सरदार आणि शिपाई हैराण झाले. पुष्कळजण उष्म्याने दगावले. आसपासची गावे ओस पडलेली; माणसांना धान्य आणि घोड्यांना चारा मिळेना. सरदार परत जाण्याची भाषा बोलू लागले. बाबराने सर्वांना बोलावून समजावले आणि ज्यांना जायचे असेल त्यांना मुभा दिली. त्याचा अत्यंत जवळचा सरदार ख्वाजा कलान निघून गेला. जाताना दिल्लीतील आपल्या घराच्या भिंतीवर त्याने हिंदुस्थानला अखेरचा सलाम करणारा एक शेर लिहून ठेवला होता.

खुद्द बाबराचीही तक्रार काही कमी नव्हती. तुर्की भाषेत लिहिलेल्या आपल्या आत्मचरित्रात त्याने येथील उणिवांची यादीच दिली आहे : चांगले घोडे नाहीत, बर्फ नाही, थंड पाणी नाही, हमाम नाहीत, मदरसे नाहीत. येथील उष्मा, सोसाट्याचा वारा आणि धूळ या तीन गोष्टींनी जीव नकोसा होतो आणि या तिन्हींवर हमाम हा एकच उपाय आहे, असे तो म्हणतो. मात्र येथील पावसाळ्याची हवा आणि हर प्रकारच्या कारागिरांची विपुलता यांचे कौतुकही त्याने त्याच पुस्तकात केले आहे.

तक्रार करून तो थांबला नाही, हे महत्त्वाचे. यमुनेपलीकडची उजाड जमीन पाहून त्याचे मन प्रथम खट्टू झाले. पण तेथेच त्याने विहीर खोदवली, हमाम बांधला, चौकोनी आखणीची बाग लावली. इतर सरदारांनीही त्याचे अनुकरण केले. अशी रेखीव बाग कधी न पाहिलेल्या आग्र्याच्या लोकांनी नदीपलीकडच्या त्या वस्तीला ‘काबूल’ असेच नाव दिले. पुढे काबूलचे एक खरबूज कापताना वतनाच्या आठवणीने त्याला रडू आवरेना. त्यानंतर आग्र्याच्या बागेतच खरबुजे आणि द्राक्षे पिकू लागली, तेव्हा त्याला फार समाधान वाटले. वतनाची आठवण आणि नव्या जमिनीतील लागवड या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात अशा नांदत होत्या.

लढाईनंतर तीन वर्षांनी, १५२९ च्या जून महिन्यात, त्याची बेगम माहम काबूलहून आग्र्याला येऊन पोहोचली. तिच्या सोबत गुलबदन नावाची मुलगी होती. गुलबदनची जन्मदाती दिलदार बेगम. पण माहमने तिला आपली म्हणून वाढवले होते. मुलीचे वय सुमारे सहा वर्षांचे होते. डोंगर आणि नद्या ओलांडत काही महिन्यांचा प्रवास करून हा जनानखाना ऐन उष्म्यात आला. माहम जवळ येऊन पोहोचल्याची बातमी कळताच बाबर घोड्याची वाट न पाहता पायीच सामोरा निघाला, असे गुलबदनने पुढे लिहून ठेवले आहे. आग्र्याला आल्यावर वडिलांनी आपल्या बागा आणि इमारती घरच्या माणसांना नेऊन दाखवल्या. सिक्रीच्या बागेत जेथे बसून ते आपले पुस्तक लिहीत, ती जागाही त्या मुलीने पाहिली.

पुढे हुमायूनचे राज्य गेले, तेव्हा गुलबदनला काबूलला परतावे लागले. अकबराच्या कारकिर्दीत १५५७ मध्ये ती पुन्हा हिंदुस्थानात आली आणि मग येथलीच झाली. १५७६ मध्ये ती घराण्यातील स्त्रियांसह सुरतेहून जहाजाने हजला गेली. मक्केच्या उन्हात काही वर्षे राहून ती १५८२ मध्ये परतली. वृद्धपणी अकबराच्या सांगण्यावरून तिने फारसीत ‘हुमायूननामा’ लिहिला. त्या फारसीत तिच्या घरच्या तुर्की भाषेचे शब्द जागोजाग येतात. १६०३ मध्ये ती आग्र्यालाच वारली.

एव्हाना या घराण्याने येथील उन्हाळ्याशी जमवून घेतले होते. अकबराच्या काळात सोऱ्याने पाणी थंड करीत, वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपीत, लाहोरला मुक्काम असताना डोंगरातून बर्फ आणीत. ‘आइने अकबरी’त अबुल फजलने हे सारे नोंदवून ठेवले आहे. वाळा या मातीतला आणि बागेची आखणी मध्य आशियातली. राज्यकर्त्यांच्या घरी साधनांची वाण नव्हती हे खरे. पण मूल घराबरोबर आले, घराबरोबर वाढले आणि म्हणूनच त्या घराची कहाणी सांगणारे कोणीतरी उरले, हेही तितकेच खरे.

साहेबाचा बंगला

इंग्रजांनीही प्रथम येथील युक्त्याच उचलल्या. बंगाली घरावरून बंगला आला. उंच छत, चोहोबाजूंनी व्हरांडा, दारांना चिका आणि वाळ्याच्या ताट्या. भिस्ती ताट्यांवर पाणी मारी, पंखेवाला दोरी ओढीत रात्र काढी. साहेबाच्या खोलीतील गारवा हा दुसऱ्या कोणाच्या तरी घामावर मिळत होता, हे विसरून चालणार नाही. १८३३ मध्ये अमेरिकेतील बोस्टनहून बर्फाने भरलेले जहाज कलकत्त्याला आले आणि तेथून मुंबई-मद्रासकडेही बर्फाचा व्यापार पसरला. अशा रीतीने बाबराची एक तक्रार तीनशे वर्षांनी दूर झाली.

पुढे उन्हाळ्यात सपाटीवरून उठून डोंगरावर जाण्याची चाल पडली. मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या महाराजांकडून जागा घेऊन १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वरला वसाहत केली. तिला माल्कम पेठ हे नाव मिळाले. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांना माथेरानचा डोंगर आवडला. या माथेरानला १९०७ मध्ये जी छोटी आगगाडी सुरू झाली, ती मुंबईचे प्रसिद्ध उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःच्या खर्चाने बांधली, ही गोष्ट आपल्या मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे.

हवेची सोय झाली, पण मुलांचे काय? इंग्रज कुटुंबांत एक अलिखित नियमच होता. पाच ते सात वर्षांच्या दरम्यान मुलाला विलायतेला पाठवायचे. कॉलरा, हगवण आणि ताप यांनी मुले खरोखरच मरत. जुन्या छावण्यांच्या कबरस्तानांत लहान मुलांच्या कबरी आजही दिसतात, तेव्हा आईबापांची भीती खोटी नव्हती. परंतु दुसरेही एक कारण होते. आया आणि नोकर यांच्या संगतीत मुले येथील भाषा बोलत, येथील सवयी उचलत. राज्य करणाऱ्या जातीला ते परवडण्यासारखे नव्हते. उन्हाळा हे सांगण्याचे कारण होते, अंतर राखणे हे न सांगण्याचे.

रुडयार्ड किपलिंग या लेखकाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्याचा जन्म १८६५ मध्ये मुंबईत झाला. वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. घरात रोमन कॅथलिक आया आणि मिता नावाचा हिंदू नोकर. मूल दिवसभर त्यांच्या भाषेत बोले, त्याच भाषेत स्वप्ने पाही. संध्याकाळी आईवडिलांपुढे नेताना ‘आता इंग्रजीत बोल’ अशी आठवण त्याला करून द्यावी लागे. १८७१ मध्ये, सहा वर्षे पुरी होण्याआधीच, त्याला आणि त्याच्या तीन वर्षांच्या बहिणीला इंग्लंडमधील साऊथसी येथे पैसे घेऊन मुले सांभाळणाऱ्या एका परक्या घरी ठेवण्यात आले. आईवडील मुंबईला परतले. त्या घरी त्याचा छळ झाला. आई पुन्हा भेटली ती १८७७ मध्ये. सोळाव्या वर्षी, १८८२ मध्ये, तो मुंबई बंदरात उतरला, तेव्हा त्याच्या तोंडून आपोआप येथील भाषेतली वाक्ये बाहेर पडू लागली. पण त्यांचा अर्थ त्याला कळत नव्हता. ही हकीकत त्याने स्वतःच आत्मचरित्रात सांगितली आहे.

गुलबदन आणि किपलिंग यांची वये जवळपास सारखी होती. पहिलीला त्या वयात उन्हात आणले गेले, दुसऱ्याला त्याच वयात उन्हातून काढले गेले. उन्हाळा दोघांनाही तोच होता. फरक होता तो घरातील मोठ्या माणसांनी या देशाशी कोणते नाते ठरवले होते याचा.

या व्यवस्थेत सर्वात कठीण दशा आईची होई. नवऱ्याजवळ राहावे तर मुले दूर, मुलांजवळ राहावे तर नवरा दूर. पण सर्वच मडमांनी दारे बंद करून दिवस कंठले असे नाही. फ्लोरा ॲनी स्टील ही पंजाबात कसूर येथे राहिली, पंजाबी शिकली, मुलींच्या शाळांत तिने काम केले आणि पुढे शाळा-तपासनीस झाली. ॲनेट ॲक्रॉइड ही १८७२ मध्ये कलकत्त्याला मुलींना शिकवण्यासाठी आली. पुढे बेव्हरिज नावाच्या न्यायाधीशाशी लग्न होऊन ती येथे राहिली, फारसी शिकली आणि १९०२ मध्ये तिने गुलबदनच्या ‘हुमायूननाम्या’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. उन्हाळ्याच्या देशात आलेल्या एका मुलीचे पुस्तक तीनशे वर्षांनी तशाच आलेल्या दुसऱ्या बाईने जगापुढे आणले. शेजाऱ्याची भाषा शिकल्याशिवाय हे घडले नसते.

आखातातील घरे

आता आपल्या लोकांकडे वळू. मुंबई आणि आखात यांचे नाते तेलापेक्षा जुने आहे. बहारीन व कुवेतचे मोत्यांचे व्यापारी मुंबईत पेढ्या ठेवून असत. आखातातील इंग्रजांचा कारभार १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता. तेथील बाजारात हिंदी रुपया चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. पुढे त्या देशांनी एकामागून एक आपापली नाणी सुरू केली. बी. आय. कंपनीच्या बोटी मुंबईहून कराची, मस्कत, बहारीन करीत बसऱ्यापर्यंत जात. त्यांपैकी ‘दारा’ बोटीवर ८ एप्रिल १९६१ रोजी दुबईजवळ स्फोट होऊन २३८ माणसे मृत्युमुखी पडली. ‘द्वारका’ ही या मार्गावरची शेवटची बोट १९८२ मध्ये बंद झाली. आपल्यातील कित्येकांचे वडील-आजोबा याच बोटींच्या डेकवरून गेले आहेत.

बहारीनमध्ये १९३२ ला, कुवेत आणि सौदी अरबस्तानात १९३८ ला तेल सापडले. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि माणसांची मागणी एकदम वाढली. तेव्हा गेलेल्यांना भेटला तो आपल्या कोकणापेक्षा वेगळा उन्हाळा. पारा ४५ च्या वर, आणि समुद्रकाठी असल्यामुळे रात्रीही अंग कोरडे राहत नाही असा दमटपणा. अमिरातींत दरवर्षी १५ जून ते १५ सप्टेंबरपर्यंत दुपारी साडेबारा ते तीन या वेळात उघड्यावर काम करवून घेण्यास बंदी आहे. यावरून त्या उन्हाची कल्पना यावी.

तेथील मूळ रहिवाशांनी या उन्हाशी पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार केला होता. इराणच्या बस्तक भागातून दुबईत आलेल्या व्यापाऱ्यांनी घरांवर वारा ओढून घेणारे चौकोनी मनोरे बांधले. ते जुन्या वस्तीत अजून उभे आहेत. खजुरीच्या झावळ्यांची ‘अरीश’ नावाची हवेशीर घरे उन्हाळ्यात वापरीत. जूनपासून सुमारे चार महिने पुरुष मोती काढण्यासाठी समुद्रावर असत आणि बायका-मुले अल-ऐनसारख्या ठिकाणी खजुरीच्या बागांत जाऊन राहत. म्हणजे उन्हाळ्यात घर दुभंगणे त्यांनाही चुकले नव्हते. मात्र ती ताटातूट एका मोसमाची असे आणि सर्वांना परतण्याचा महिना ठाऊक असे.

आपल्या माणसांची ताटातूट मोसमाची नाही, ती नोकरीची आहे. कुटुंब नेण्यासाठी ठराविक पगार असावा लागतो. त्याखालचा माणूस कितीही वर्षे राहिला तरी एकटाच राहतो. ज्यांना कुटुंब नेता आले त्यांचा संसार वातानुकूलित खोलीत सुरू झाला. त्या यंत्राने उष्मा बाहेर ठेवला खरा, पण त्यासाठी दारे-खिडक्याही बंद ठेवाव्या लागल्या. गावी ओटीवर बसून चार बायकांशी बोलणारी आमची सून तेथे सहा महिने बंद दाराआड राहू लागली. नवरा संध्याकाळी येणार, मुले दुपारी येणार, शेजारी कोण राहते ते ठाऊक नाही. हा एकांत पत्रातून घरच्यांना कधी कळला नाही, कारण पत्रात खुशाली लिहायची असते.

मुलांसाठी शाळा निघाल्या. बहारीनची भारतीय शाळा १९५० मधील आणि दुबईचे इंडियन हायस्कूल १९६१ मधील. आज अशा शाळा सर्वच आखाती देशांत आहेत. तेथे मोठी सुटी जुलै-ऑगस्टमध्ये असते. त्यामुळे मूल गावी येते ते मुसळधार पावसात. हापूस संपलेला, मामाच्या मुलांची शाळा सुरू झालेली, सोबत खेळायला कोणी नाही. मेमधल्या गावाची त्याला ओळखच होत नाही. जुम्माची सुटी ही एक गोष्ट त्याला आपलीशी वाटे. अमिरातींत तीही जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवारवर गेली आणि जुम्मा अर्ध्या दिवसाचा झाला.

भाषेचे तर विचारूच नये. घरात कोकणी, शाळेत इंग्रजी, दुकानात हिंदी-उर्दू. कुरआन अरबीत वाचायला मूल शिकते. पण अरबीच्याच मुलखात दहा-पंधरा वर्षे राहूनही शेजारच्या अरबाशी दोन वाक्ये बोलायला त्याला जमत नाही. अमिरातींतील खाजगी शाळांत अरबी सक्तीची आहे, तरी पुष्कळ घरांत ती केवळ गुणांपुरती राहते. इकडे गावी आले की मराठी फलक वाचता येत नाही.

आणि या संसाराला पायाखाली कायमची जमीन नाही. बाबराच्या वारसांना ती होती. इंग्रजांना परतायला स्वतःचे साम्राज्य होते. आपल्या माणसाचा मुक्काम नोकरीवर अवलंबून. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले, तेव्हा पुष्कळ बायका-मुले सुटीसाठी गावी होती आणि पुरुष तिकडे अडकले होते. पुढे एक लाखाहून अधिक भारतीयांना जॉर्डनच्या अम्मानमार्गे विमानांनी परत आणावे लागले. पंधरा-वीस वर्षांचा संसार दोन पिशव्यांत भरून लोक उतरले. त्यांच्या मुलांना वर्षाच्या मध्येच, वेगळ्या माध्यमाच्या शाळांत जागा शोधाव्या लागल्या.

यावरून काय घ्यावे

इतिहास जसाच्या तसा लागू पडत नाही. राज्यकर्त्याचे घर आणि नोकरदाराचे घर यांची तुलना ताणू नये. तरीही काही गोष्टी स्पष्ट दिसतात.

पहिली ही की, उन्हाळ्याने संसार मोडत नाहीत. वाळा, हमाम, वाऱ्याचे मनोरे, बर्फ आणि विजेची यंत्रे असा इलाज प्रत्येक काळाने शोधला आहे. ज्याला इलाज नाही ती लहानपणीची ताटातूट. जेथे पगार आणि कायदा परवानगी देतो तेथे मूल आईवडिलांजवळ असावे. जेथे ते शक्य नाही तेथे मुलाला केवळ शिस्तीसाठी किंवा ‘तिकडे बिघडेल’ या भीतीने दूर पाठवण्यापूर्वी साऊथसीच्या त्या घराची आठवण ठेवावी. वसतिगृहात अथवा नातेवाइकांकडे ठेवायचेच असेल तर ते घर कसे आहे याची चौकशी फीच्या चौकशीइतकीच कसोशीने व्हावी.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याच्या भाषेची. आखातात राहणाऱ्या बायका-मुलांनी बोलती अरबी शिकावी. पुरुषाला कामापुरते शब्द येतात. घराला त्याहून अधिक लागतात. भाषा आली की दार थोडे उघडते आणि दवाखान्यात, शाळेत, बाजारात बाईला नवऱ्याची वाट पाहावी लागत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या भाषेची. गुलबदनच्या फारसीत तुर्की शब्द राहिले, कारण ते घरात बोलले जात होते. किपलिंगच्या तोंडात शब्द राहिले पण अर्थ हरवला, कारण ते बोलणारे कोणी जवळ उरले नव्हते. मुलाशी घरात आपली बोली बोलावी आणि सुटीच्या दोन महिन्यांत त्याला मराठी अक्षरओळख करून द्यावी. त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. गावातील एखादा शिक्षक आणि मशिदीच्या किंवा शाळेच्या पडवीतली एक जागा पुरे आहे.

शेवटची गोष्ट इकडे राहिलेल्यांसाठी आहे. परत येणारे मूल हे पाहुणे नव्हे. त्याचे माध्यम वेगळे असेल, उच्चार वेगळे असतील, वर्गात ते बावरेल. त्याला ‘दुबईवाला’ म्हणून चिडवणाऱ्या मुलांना आवरणे आणि त्याला वर्षभर सांभाळून घेणे हे आपल्या शाळांतील शिक्षकांचे काम आहे. आखाती पैशातून आपल्या गावांत घरे उभी राहिली, विहिरी खोदल्या गेल्या, शाळांना खोल्या मिळाल्या. तो पैसा ज्या संसारांनी उन्हात राहून मिळवला, त्यांच्या मुलांसाठी त्या खोल्यांत एक बाक राखून ठेवणे हे देणे आपल्याकडे निघते, आणि ते वेळेवर फेडले गेले पाहिजे.